मॅक मिनी की मॅकबुक एअर? सोलापुरात घेणाऱ्यांसाठी

अ‍ॅपलने एम४ चिपची मॅक मिनी (टेबलावर ठेवायचा छोटा कॉम्प्युटर) ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केली, त्याच चिपचा लॅपटॉप मॅकबुक एअर मार्च २०२५ मध्ये, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मॅक चालवणाऱ्या सिस्टिमची नवी आवृत्ती, मॅकओएस टाहो, दाखवली. तेव्हापासून इथले डिझाइनवाले आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे पालक एकच विचारतात: यातलं कोणतं घ्यावं?

जाहीर झाल्या तेव्हाच्या किमती अशा होत्या: मिनी ५९,९०० रुपये, १३ इंची एअर ९९,९००. विद्यार्थ्यांना दोन्ही दहा हजारांनी स्वस्त होत्या. दोन्हींत १६ जीबी मेमरी, २५६ जीबी स्टोरेज. मूळ किमतीतच १६ जीबी मिळते याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र ५१२ जीबी स्टोरेजसाठी तेव्हा वीस हजार जादा होते, ते मोजणं पटलं नाही. त्यापेक्षा बाहेरून एसएसडी (फाइली साठवायची वेगळी डिस्क) जोडा. मिनीबरोबर स्क्रीन, कीबोर्ड, माऊस येत नाही. घरात किंवा दुकानात एचडीएमआयचा मॉनिटर पडून असेल तरच ती खरी स्वस्त.

आपल्याकडे निवड ठरते ती उन्हावर आणि लाइटवर. दोन्ही मशिन १० ते ३५ अंशांत वापरा, असं कंपनीच सांगते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या शेडखाली तर जीव नको होतो. एअरला पंखाच नाही. पत्रं, प्रोजेक्ट, कोडिंग, फोटोंची किरकोळ कामं ती आवाज न करता उरकते. पण भर दुपारी लग्नाचा तासाभराचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला, की तापते आणि आपला वेग आपणच उतरवते. मिनीला पंखा आहे, म्हणून लांबलचक कामात ती टिकते.

पण त्याच पंख्याची एक काळजी आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमशेजारच्या (यंत्रमागाशेजारच्या) केबिनमध्ये टेबलावरून बोट फिरवा, सुताची बारीक लव बोटाला चिकटते. मिनी हवा तळातूनच आत घेते आणि तळातूनच बाहेर सोडते. ती टेबलक्लॉथवर ठेवू नका, जरा उंचावर ठेवा आणि खालची जाळी पुसत राहा. चालू करायचं बटणही तळालाच, मागच्या कोपऱ्यात. मशिन उचलून दाबावं लागणारं बटण मला अजिबात आवडलं नाही.

लाइट गेली तर एअर बॅटरीवर चालूच राहते. मिनीवर सेव्ह न केलेलं काम गेलंच, म्हणून यूपीएस हवाच. मात्र या मिनीचा जास्तीत जास्त वीजवापर ६५ वॅट, त्यामुळे छोटा यूपीएसही पुरतो.

माझं मत असं: टॉवेल-चादरीच्या डिझाइनचं ऑफिस, अल्बमचं दुकान यांना मिनी, पुण्याला शिकायला निघालेल्या मुलीला एअर. पण हिशेब टॅलीवर असेल किंवा जेकार्डचं (विणीतल्या नक्षीचं) सॉफ्टवेअर विंडोजवर डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, लावून चालत असेल, तर जुना विंडोज पीसी काढून टाकू नका. टॅली मॅकसाठी येत नाही, आणि नेहमीचा पेन ड्राइव्हही या दोन्ही मशिनना थेट लागत नाही, अडॅप्टर घ्यावा लागतो.

टाहो दोन्हींवर सारखीच चालते. तिचं काचेसारखं पारदर्शक रूप, ‘लिक्विड ग्लास’, दिसायला देखणं आहे, पण मागचं चित्र भडक असेल तर त्यावरच्या देवनागरीच्या मात्रा आणि अनुस्वार चटकन दिसतील का, अशी मला चिंता वाटते. सेटिंगमध्ये पारदर्शकता कमी करता येते. मी तर ती पहिल्याच दिवशी करीन. स्पॉटलाइटमध्ये (मॅकच्या शोधपट्टीत) कॉपी केलेल्या मजकुराचा इतिहास मिळतो, हे मात्र दिवसभर टायपिंग करणाऱ्यांसाठी फार मोलाचं आहे.

आणि कोणी इंटेल चिपची (अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिप येण्याआधीची) जुनी मॅकबुक एअर स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. इंटेलच्या मोजक्याच मॅकना टाहो मिळाली, त्यात एअर एकही नाही. आणि ज्यांना मिळाली त्यांच्यासाठीही टाहो हीच शेवटची आवृत्ती, असं अ‍ॅपलने जून २०२५ मध्येच सांगून टाकलंय.