वाद, वैर, दावा, भाऊबंदकी: जुन्या भांडणाला कोणता शब्द लावायचा?

वर्षानुवर्षं चालत आलेल्या भांडणासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. तरीही बातमी असो, कथा असो की घराण्याचा इतिहास, लिहिणारा बहुतेक वेळा 'वाद' किंवा 'वैर' यांतला एक उचलतो आणि पुढे जातो. त्यात मोठं नुकसान होतं. 'वाद' वाचला की वाटतं, काहीतरी मुद्दा आहे. 'वैर' वाचलं की वाटतं, मुद्दा केव्हाच मागे पडला.

हे शब्द सौम्य ते तीव्र अशा रांगेत उभे करून निवडता येत नाहीत. निवडीची खरी खूण त्यांच्या क्रियापदात आहे असं मला वाटतं. तंटा मिटतो, वितुष्ट येतं, अबोला सुटतो, डूख धरतात, दावा साधतात. क्रियापद पाहिलं की भांडण एकाच्या मनात आहे, दोघांच्या मध्ये आहे की चारचौघांपुढे आलं आहे, हे लगेच कळतं.

वाद की तंटा

दोन्हींना विषय असतो. वादात मतं दोन असतात, तंट्यात बहुधा काहीतरी वाटून घ्यायचं असतं: जमीन, पाणी, वहिवाटीचा रस्ता. म्हणून तंट्यात तिसऱ्याला बोलावता येतं. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये नेमला गेला तो 'पाणी तंटा लवाद'. गावातली भांडणं गावातच मिटावीत म्हणून महाराष्ट्रात २००७ मध्ये सुरू झाली ती 'तंटामुक्त गाव मोहीम'. वैर असं समितीपुढे ठेवता येत नाही.

वाद मात्र कितीही लांबला तरी वादच राहू शकतो. बेळगावचा सीमावाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. पिढ्या बदलल्या, पण याला कुणी दोन राज्यांमधलं वैर म्हणत नाही आणि म्हणूही नये. इथे आणखी एक निवड करावी लागते. सीमाभागातला मराठी माणूस 'सीमाप्रश्न' म्हणतो, 'सीमालढा' म्हणतो. 'प्रश्न' म्हटलं की उत्तर येणं बाकी आहे, 'लढा' म्हटलं की लिहिणारा एका बाजूला उभा आहे. दोन्ही बाजू मांडायच्या असतील तर 'सीमावाद' बरा.

वैर की दावा

वैरात समोरचा माणूसच विषय होतो. त्याने काय केलं होतं हे विसरलं तरी वैर राहतं, मुलांकडे जातं, आणि मग 'पिढीजात वैर' म्हणावं लागतं. 'हाडवैर' हा शब्द मात्र जपून वापरावा. तो साप-मुंगसाच्या जातीचा आहे, जन्मतःच असलेल्या शत्रुत्वाचा. ज्या भांडणाला तुम्ही कारण सांगणार आहात त्याला हाडवैर म्हटलंत, तर ते कारण तुम्हीच पुसून टाकता.

'दावा' अधिक अवघड. तो हक्क सांगणं आहे, कोर्टातली फिर्याद आहे आणि शत्रुत्वही आहे. जुन्या मराठीत 'दावेदार' म्हणजे शत्रू, आजच्या मराठीत हक्क सांगणारा. त्यामुळे 'त्या दोन घरांत दावा होता' असं आज लिहिलं, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे वकील येतो. शत्रुत्व म्हणायचं असेल तर 'उभा दावा' किंवा 'दावा साधला' असं पूर्ण लिहावं. वैर मनात नुसतं पडून राहू शकतं. दावा धरणारा मात्र संधीची वाट पाहत असतो, हा फरक कथेत फार उपयोगी पडतो.

भाऊबंदकी की यादवी

सर्वांत जास्त गैरवापर भाऊबंदकीचा होतो. एका पक्षातले दोन नेते भांडले की मथळा येतो, 'पक्षात भाऊबंदकी'. ते एका घराण्यातले असतील तर ठीक, नाहीतर 'गटबाजी' हाच योग्य शब्द आहे. भाऊबंदकीला रक्ताचं नातं लागतं आणि वाटणीही लागते. दोन भाऊ स्वभाव जुळत नाहीत म्हणून भांडले तर ती भाऊबंदकी नव्हे. बांध, वाडा, वतन, गादी, काहीतरी मध्ये असावं लागतं.

पेशवाईत ती उघडी दिसते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला, आणि गादीवर आले ते त्यांचे काका राघोबादादा. बारभाईंनी, म्हणजे पेशव्यांच्या कारभाऱ्यांच्या गटाने, त्यांना विरोध केला, तेव्हा राघोबांनी १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह केला. त्यातून पेटलेलं युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. भाऊबंदकीचा हाच स्वभाव आहे. घरच्याला मिळू नये म्हणून बाहेरच्याला दार उघडलं जातं. हे दार उघडणं तुमच्या प्रसंगात असेल, तर दुसरा शब्द शोधू नका.

'यादवी' याहून मोठी. यादव आपसात लढून संपले त्यावरून आलेला हा शब्द. अख्खं कुळ, पक्ष किंवा देश स्वतःलाच खाऊ लागला की यादवी. ती वाटणीसाठी असायलाच हवी असं नाही, आणि ती क्वचितच पिढ्यान्‌पिढ्या चालते.

मनातले आणि मधले

'अढी', 'आकस', 'डूख' हे एकाच बाजूचे शब्द आहेत, समोरच्याला पत्ताही नसेल. अढी बसते आणि बोलून निघूही शकते. आकसाला अधिकाराची जोड असते, म्हणून 'आकसाने कारवाई' म्हणतात. डूख धरणारा विसरत नाही. 'दोघांत डूख होता' हे मात्र मराठी नव्हे.

'वितुष्ट' दोघांमधलं, आणि त्याला आधीचा स्नेह हवा. अनोळखी माणसांत वितुष्ट येत नाही. भागीदारांत, मित्रपक्षांत 'बेबनाव' होतो, समाजांत 'तेढ'. 'अबोला' जवळच्या माणसांचा. तो वीस वर्षं चालला तरी त्यात सुटण्याची आशा शिल्लक असते, म्हणून शत्रूंसाठी तो वापरू नये.

'छत्तीसचा आकडा' आणि 'विळ्याभोपळ्याचं सख्य' सर्रास एकमेकांच्या जागी येतात. मी फरक करते. ३६ मध्ये दोन्ही अंक एकमेकांकडे पाठ करून असतात, तिथे दोघंही सारखेच रुसलेले. विळ्याभोपळ्यात धार एकाकडेच आहे. एक जण कायम कापला जात असेल, तर विळ्याभोपळ्याचा वाक्प्रचार घ्यावा.