मेमरी क्लिनिकला जाताना घरातली जाणती बाई सोबत न्या

पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मेमरी क्लिनिकबद्दल, म्हणजे विसर पडणाऱ्यांना तपासतात त्या विभागाबद्दल, लिहिते आहे. तक्रारही करायची आहे, म्हणून नाव देत नाही. पेशंट आमच्या अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई; त्यांना विसर पडायला लागलाय. आधार कार्डावर वय 68, खरं देवाला ठाऊक. जन्मभर ऊसतोड केली. मी केज तालुक्यात आरोग्य सेविका होते, आता निवृत्त.

नंबर फोनवर लागतो आणि फार ताटकळावं लागत नाही. आत गेल्यावर एक मुलगी फॉर्म घेऊन बसते. बीपी, शुगर झाल्यावर तिने पुतण्याला विचारलं, "आईंना पाळी कितव्या वर्षी आली? बाळंतपणं किती? पाळी कधी गेली? पिशवी काढलीय का?" पोरगा लाल झाला. "काकू, तुम्हीच सांगा." आईची पिशवी काढलीय हेच त्याला माहीत नव्हतं. तेव्हा तो बालवाडीत होता.

हे प्रश्न विचारले याबद्दल क्लिनिकला पूर्ण मार्क. आधी तालुक्याला दाखवलं तिथे "वयोमानाने होतं" म्हणून झोपेची गोळी देऊन बोळवण केली होती.

पण माझी तक्रार पुढेच आहे. फॉर्मवर पिशवीपुढे फक्त 'हो / नाही'. सोबत अंडाशयं काढली का, याला रकानाच नाही! खरा मुद्दा तर तोच. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयांतून हार्मोन पुढे बरीच वर्षं येत राहतो. दोन्ही अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं मुख्य हार्मोन, एकदम खाली येतं. पाळी जाण्याआधीच अंडाशय काढलेल्या बायकांत पुढे स्मृती आणि आकलन बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि ऑपरेशन जितकं लहान वयात तितका धोका जास्त, असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात 2007 मध्ये आलं होतं. अक्कांचं ऑपरेशन तिशीच्या आतबाहेर झालं, ऊसतोडीच्या हंगामाच्या तोंडावर, खासगीत. कागद कुठला राहतो? बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने पाहणी केली तेव्हा 82 हजारांवर बायकांपैकी 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी आता म्हातारपणाकडे झुकल्यात. रकाना वाढवा, बाबांनो.

डॉक्टर मात्र चांगले. घाई नाही, अक्कांशी मराठीत बोलले. मी विचारलं, हार्मोनच्या गोळ्या आता देता येतील का? स्पष्ट नाही म्हणाले. 65 च्या पुढच्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोनं एकत्र दिल्यावर डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका दुप्पट झालेला दिसला होता, तो मोठा अमेरिकन अभ्यास 2003 चा. पाच बाळंतपणांचा हा परिणाम का, असंही विचारलं. त्यावर त्यांनी ब्रिटनमधल्या पावणेतीन लाख बायकांच्या 2022 च्या अभ्यासाचं सांगितलं: मूल नसलेल्या आणि चार किंवा जास्त मुलं असलेल्या बायकांत धोका थोडा जास्त, पण मुलांच्या संख्येचा तसाच संबंध बापांमध्येही दिसला. म्हणजे सगळा दोष बाळंतपणावर टाकता येत नाही, घरची ओढाताण, शिक्षण, पैसा हेही आलंच. ऐकून मला बरं वाटलं. आमच्याकडे सगळं बाईच्या पोटावरच ढकलायची सवय आहे.

अक्कांना नक्की कशामुळे विसर पडतोय, हे जुन्या ऑपरेशनवरून ठरत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. बी-12, थायरॉइड, एमआरआय, कानाची तपासणी लिहून दिली. बी-12 फार कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. कानाचं मशीनही घ्यायला लावलं.

चाचणीचं काय सांगू! घड्याळ काढायला पेन्सिल दिली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला घड्याळ काढायला लावून तिचे गुण कापायचे, हा कुठला न्याय? अक्का वरमून बसल्या. नशीब, नंतर एका मोठ्या बाईंनी येऊन जनावरांची नावं विचारली. अक्कांनी शेळी, म्हैस, कालवड, पाठ, खोंड असा गोठाच उभा केला. निरक्षर माणसासाठी वेगळी चाचणी असते, ती पहिल्यांदाच काढत जा.

जाणाऱ्यांनी एवढं करा: मुलगा पैसे भरायला असू द्या, माहिती सांगायला बहीण, जाऊ नाहीतर नणंद न्या. जुन्या ऑपरेशनची चिठ्ठी सापडली तर ट्रंकेतून काढून ठेवा.

डॉक्टरांना पाचपैकी पाच, फॉर्मला दोन. आणि बायकांच्या संडासाची कडी तुटली आहे, ती आधी बसवा.