अमोनिया तपासायचं थेंबांचं किट: एक वर्ष वापरल्यानंतर

गेल्या मे महिन्यात माझ्या साठ लिटरच्या टाकीतले सहा झेब्रा डॅनिओ मासे गप्प झाले. ही जात एरवी क्षणभर एका जागी थांबत नाही. खाण्याच्या डबीचं झाकण वाजलं की सगळे काचेला येऊन भिडतात. त्या आठवड्यात तिघं तळाशी पडून होते, एक वर येऊन तोंड उघडत-मिटत होता. डबी वाजवली तरी कुणी वळेना. दुकानात विचारलं तर "उन्हाळा आहे, होतं असं" म्हणून निळं औषध दिलं. दोन दिवसांत दोन मासे गेले. मग हे किट मागवलं, साडेआठशे रुपयांना.

नळीत 5 मिली पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, हलवून 5 मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर पाणी ठीक. माझं गडद हिरवं झालं. फिल्टरचा स्पंज मी नळाखाली खसाखसा धुतला होता. अमोनिया पचवणारे जीवाणू त्यातच असतात आणि क्लोरीनने मरतात, हे तेव्हा कळलं.

मासा अमोनिया कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाण्यातच तो साठला की अंगात राहतो आणि मेंदूपर्यंत जातो. तिथे पोटॅशियमची जागा घेऊन मज्जापेशींना नको तितकं चेतवतो. म्हणून आधी सैरावैरा पोहणं, झटके आणि मग हे असं निपचित पडणं. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप, चढला की विष वाढतं: 25 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. पाणी तापलं की आणखी. माझं पाणी पीएच 8, तापमान 31. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजनही कमीच विरघळतो.

रोज तिसरा हिस्सा पाणी बदललं, क्लोरीन काढून. नवव्या दिवशी नळी पिवळी, आणि चौघं पुन्हा झाकणाच्या आवाजाला धावले. मला रडू आलं.

किटला गुण देताना एक तारा कापला तो नळीचा रंग जुळवायच्या कार्डासाठी. त्यावरच्या 0.25 आणि 0.5 (मिलिग्रॅम अमोनिया दर लिटरला) या छटा ट्यूबलाइटखाली सारख्याच दिसतात. खिडकीत, पांढऱ्या कागदासमोर धरा. पीएचचं किट वेगळं घ्यावं लागतं, घ्याच. आणि बाटलीवरची मुदत तपासा. माझ्या खोक्यातल्या एकीचे चारच महिने उरले होते.