मारुती ८०० चं फुटलेलं हेड: वेल्डिंग, जुन्या बाजारातलं की नवं?

हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, व्हॉल्व्ह त्यातच असतात. गॅरेजात ‘हेड गेलं’ म्हणतात त्याचे दोन अर्थ असतात. एक तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पातळ सील, जळालं, नाहीतर हेडच तडकलं. पहिल्यात गॅस्केट, फेसिंग (हेडचा खालचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं) आणि मजुरीवर भागतं. दुसऱ्यात मात्र ७९६ सीसीच्या जुन्या ८०० साठी, आणि तेच इंजिन असलेल्या ओम्नीसाठी, पुण्यात तीन वाटा आहेत: वेल्डिंग, जुनं हेड किंवा नवं हेड. आमचा कौल आधीच सांगून टाकतो. प्रेशर टेस्ट (हवेचा दाब देऊन तडा शोधणं) झालेलं जुनं हेड पहिलं, नवं दुसरं आणि वेल्डिंग सगळ्यात शेवटी.

हेड उतरवायच्या आधी निदान पक्कं करा. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की हेड फुटलं, हा निष्कर्ष पावसाळ्यात तर हमखास फसतो. कोथरूड ते डेक्कन एवढंच फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा झाकणाखाली जमतो आणि तिथे साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर खरी काळजी. रेडिएटरचं झाकण काढून थंड इंजिन सुरू केल्यावर न थांबता बुडबुडे येणं, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर, आणि बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होणं, ही लक्षणं एकत्र दिसली तर हेड उतरवावंच लागतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्टर मारताच अडकत असेल तर पुन्हा सेल मारू नका. सिलिंडरात पाणी साचलेलं असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी तिन्ही प्लग काढा, मग इंजिन फिरवा.

आता वर्कशॉप. पुण्यात हेडचं काम करणारी बरीच दुकानं ‘फेस मारून देतो’ इथूनच बोलायला सुरुवात करतात. इथेच दुकानाची परीक्षा होते. फेस मारायच्या आधी प्रेशर टेस्ट व्हायला हवी, नाहीतर तडकलेल्या हेडवर मशीनचे पैसे वाया जातात. चांगलं दुकान व्हॉल्व्ह काढून, पाण्याच्या वाटा रबर आणि प्लेटने बंद करून, हेड साधारण ८० अंशांच्या गरम पाण्यात बुडवतं आणि आत हवेचा दाब देतं. गरम पाण्याचा आग्रह धराच. थंड हेडमध्ये मिटलेली बारीक तडा तापल्यावर उघडते, आणि थंड पाण्यात ‘पास’ झालेलं हेड गाडीवर चढल्यावर पुन्हा बुडबुडे काढतं. लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर मारून केलेली तपासणी फक्त पृष्ठभागापुरती असते. पोर्टच्या, म्हणजे हवा-धूर जाण्याच्या वाटेच्या, आतली तडा तिला सापडत नाही.

दुसरी खूण धुण्याची. लोखंडी हेड कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत टाकतात, ते ठीक. ८०० चं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. त्या टाकीतून काळपट, खरखरीत होऊन आलेलं हेड दिसलं तर त्या दुकानात आपलं हेड ठेवू नये.

तडा बहुतेक वेळा इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कड्यांवर टेकतात त्या सीटमधल्या अरुंद पट्टीवर येते. काही डिझेल इंजिनांत तिथली केसासारखी तडा ठरावीक मर्यादेपर्यंत चालवून घेतात, म्हणून काही मिस्त्री ८०० लाही तोच नियम लावतात. पाण्याच्या जागेपर्यंत पोचलेल्या तडेला हा नियम लागू होत नाही.

वेल्डिंग होतं, आणि नीट केलं तर टिकतंही. पण ‘नीट’मध्ये बरंच काही येतं: सीट काढायची, तडा मुळापर्यंत ‘व्ही’ आकारात खोदायची, टोकांना भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही, हेड दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवायचं, आर्गनमध्ये टिग वेल्डिंग करायचं, हळूहळू थंड होऊ द्यायचं, नवी सीट घट्ट बसवायची, फेस मारायचा आणि पुन्हा प्रेशर टेस्ट घ्यायची. या उष्णतेने हेड वाकतं. ८०० मध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट थेट हेडच्या बोअरमध्ये (भोकांत) फिरतो, त्यामुळे खालचा फेस सरळ केला तरी वरचे कॅमचे बोअर वाकडेच राहू शकतात. रॉकर न लावता, ऑइल लावलेला कॅमशाफ्ट आत सरकवून हाताने फिरवा. कुठे अडखळला तर हेड घेऊ नका. एवढं सगळं करणारं दुकान पैसेही तसेच घेणार, मग तेवढ्यात चांगलं जुनं हेड का नको? स्वस्तात वेल्डिंग करून देणारे यातल्या निम्म्या पायऱ्या गाळतात. तडेत इपॉक्सी भरून देण्याला तर दुरुस्ती म्हणूच नये.

जुनं हेड नाना पेठेतल्या स्पेअरवाल्यांकडे विचारता येतं, किंवा बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात नशीब आजमावता येतं. बाजारातल्या हेडला गॅरंटी नसते, तेव्हा नजर हीच गॅरंटी. आधी व्हॉल्व्ह मोजा. जुनी ८०० आणि ओम्नी ६ व्हॉल्व्हची. पुढे काही ८०० आणि अल्टोला १२ व्हॉल्व्हचं हेड आलं, ते यावर बसत नाही. मग स्ट्रेट-एज (सरळ पट्टी) तिरपी, आडवी, उभी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग लागणार. आधी किती वेळा फेस मारलाय हे हेडची उंची मोजून कळतं, विक्रेत्याच्या शपथेवरून नाही. जास्त उतरलेल्या हेडने कॉम्प्रेशन वाढतं, इंजिन चढावर ठोकतं, आणि कॅम क्रँकच्या जवळ आल्यामुळे टायमिंगही किंचित मागे पडतं. प्लगच्या आट्या पाहा, पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या आहेत का ते पाहा. विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चाललेल्या गाड्यांची हेडं इथेच खाल्लेली असतात आणि गॅस्केटची रिंग तिथे टेकत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे फक्त हेड बदललं तर आरसी बुकात नोंदीचा प्रश्न येत नाही.

नवं हेड घेणार असाल तर ते नुसतं कास्टिंग आहे की गाइड-सीटसकट, हे पैसे देण्याआधी विचारा. बिनब्रँडच्या नव्या हेडलाही प्रेशर टेस्ट लागते. दुकानदाराला ते आवडत नाही.

कुठलंही हेड आलं तरी व्हॉल्व्ह स्टेम सील नवे घाला, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने सीटवर घासून घ्या, मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून दहा मिनिटं ठेवा. चेंबरकडे ओल आली तर घासणं अपुरं आहे.

बसवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ब्लॉकचा फेस सँडरने साफ करतात आणि तिथे खड्डे पडतात. ब्लेडने अलगद खरवडलं की पुरतं. बोल्टच्या भोकांत पाणी-ऑइल राहतं. बोल्ट आवळताना ते दाबलं जातं, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) खोटा आकडा दाखवतो, कधी ब्लॉकच तडकतो. आधी हवेने भोकं कोरडी करा, आट्यांतून टॅप फिरवा. गॅस्केट कोरडंच बसवा, शेलॅक वगैरे काही नको. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत तीन टप्प्यांत आवळा. खोलताना उलट, बाहेरून आत, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हातात टॉर्क रेंच द्या, नसेल तर भाड्याने आणा.

हेड कशामुळे फुटलं ते शोधलं नाही तर नवंही फुटेल. चोंदलेला रेडिएटर, न चालणारा फॅन स्विच, सैल पडलेलं रेडिएटर कॅप, आणि कात्रज किंवा दिवे घाटात उकळलेल्या इंजिनात ओतलेलं बाटलीतलं थंड पाणी, ही नेहमीची कारणं. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि इंजिन सकाळी बराच वेळ थंडच चालतं. थर्मोस्टॅट, कॅप, होस, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर याच मजुरीत बदलून घ्या. डिमिनरलाइज्ड पाण्यात कूलंट मिसळून भरा. पुण्यात पाणी गोठत नाही, पण कूलंट गंज रोखतं आणि उकळण्याची पातळी वर नेतं. हीटर उघडा ठेवून, कॅप काढून, फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघते. ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, पाचशे किलोमीटरवर पुन्हा बदला आणि त्याच वेळी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा.

बिलावर नुसतं ‘हेड काम’ लिहिलेलं घेऊ नका. प्रेशर टेस्टचं तापमान, किती फेस उतरवला आणि हेडची उरलेली उंची, हे तीन आकडे लिहून मागा. आणि जुनं हेड परत घ्या, ॲल्युमिनियमचं आहे, भंगारवाला वजनावर घेतो.