दुसऱ्यांसाठी लिहिणारीला ऑनलाइन बाजारात काम मिळतं का? अकरा महिन्यांचा अनुभव

मी नाशिकला राहते आणि दुसऱ्यांसाठी लिहिते. आठवणी, आत्मकथनं, संस्थांच्या स्मरणिका. पुस्तकावर नाव त्यांचं असतं. आठ वर्षं सगळी कामं ओळखीतून आली. गेल्या वर्षी दोन मोठी कामं एकदम थांबली, तेव्हा अपवर्क आणि फायवर या दोन्हींवर खातं काढलं. ही ग्राहक आणि स्वतंत्र काम करणारे यांची गाठ घालून देणारी संकेतस्थळं. मराठीत लिहिणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिले चार महिने हाती काहीच लागलं नाही. प्रोफाइलवर मी सगळंच लिहून ठेवलं होतं: ब्लॉग, भाषांतर, घोस्टरायटिंग (म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लेखन), तिन्ही भाषा. अपवर्कवर अर्ज करायला 'कनेक्ट्स' म्हणजे विकत घ्यायची टोकन मोजावी लागतात, एक कनेक्ट 15 सेंटचा, आणि एका अर्जाला ते बरेच जातात. मी 41 अर्ज केले. पाच उत्तरं आली, काम एकही नाही. इंग्रजी लेखनात जगभरातले लोक उतरलेले असतात, तिथे शब्दाला काही पैसे इतक्या खाली दर जातो. त्यातही आता बऱ्याच जणांना एआयने लिहिलेला मजकूर फक्त 'माणसासारखा' करून हवा असतो. ते काम मी घेतलं नाही.

दुसरी अडचण आमच्या धंद्यातलीच. नमुना दाखवायचा कुठला? आधीची सगळी पुस्तकं गोपनीयतेच्या करारात अडकलेली. मग मी शेजारच्या आजींना विचारून त्यांच्या लग्नातल्या बैलगाडीच्या प्रवासावर बाराशे शब्द लिहिले आणि त्यांच्या परवानगीने ते प्रोफाइलवर टाकले. बाकी सगळं काढून एकच ओळ ठेवली: 'तुमच्या आई-वडिलांच्या आठवणी मी मराठीत लिहून देते.' तीच ओळ इंग्रजीतही दिली, कारण शोधणारी मुलं इंग्रजीत शोधतात.

सहा आठवड्यांनी न्यू जर्सीहून एका मुलीचा निरोप आला. वडील 67 वर्षांचे, मूळचे करमाळा तालुक्यातले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. बोलतात भरपूर, लिहीत मात्र नाहीत.

आमचा कॉल शनिवारी सकाळी साडेसातला असतो; तिच्याकडे तेव्हा शुक्रवारची रात्र. तिच्या वडिलांना मी काका म्हणते. तिसऱ्या कॉलला काका 1972 च्या दुष्काळावर आले. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. कामावर मिळणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ), परदेशातून आलेली मिलोची लाल ज्वारी, हजेरीचा कागद, सगळं सांगितलं. मी मसुद्यात लिहिलं, 'पहिल्या दिवशी आई रडली.' पुढच्या शनिवारी ते वाचून दाखवलं तर काका म्हणाले, "नाही हो ताई, आई रडली नव्हती. हातावरचे फोड तिनं मिठाच्या पाण्यात बुडवले आणि भाकरी थापायला बसली." मुलगी पलीकडे गप्प होती. हे तिला ठाऊकच नव्हतं. मी ते वाक्य खोडलं आणि काकांचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. शब्दसंख्येवर दर लावणाऱ्या कामात हा शनिवार बसत नाही, म्हणून आता मी संपूर्ण पुस्तकाचा एक आकडा सांगते: चाळीस हजार शब्द, 1,20,000 रुपये, सहा टप्पे.

पैशांचं म्हणाल तर फायवर 20 टक्के कापून घेतं आणि काम पूर्ण झाल्यावर नव्या लेखकाच्या हाती रक्कम यायला 14 दिवस लागतात. अपवर्कवर मे 2025 पासून नव्या करारांना 0 ते 15 टक्के असा बदलता दर आहे. माझ्या या करारावर 10 लागला. टप्प्याची रक्कम ग्राहकाने आधी भरून ठेवल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. काम सादर केल्यावर ग्राहक 14 दिवस काहीच बोलला नाही तर पैसे आपोआप सुटतात, हा मोठा आधार आहे.

आधी पैसे भरून घेण्याचा नियम मी ठेच लागून शिकले. आणखी एका संकेतस्थळावर एका ग्राहकाने 'आधी नमुना प्रकरण पाठवा' म्हणून 1,500 शब्द फुकट लिहून घेतले आणि खातं बंद केलं. तिथल्या मदतकक्षाने पैसे जमा नसल्यामुळे हात वर केले. तीन रात्री जागून लिहिलं होतं, अजून राग येतो. आता कुणी नमुना मागितला की आजींचं बाराशे शब्दांचं लेखन पाठवते.

कराराबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्या कॉपीराइट कायद्यात, 1957 च्या, कलम 19 प्रमाणे हक्क लेखी द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. त्यामुळे मुदत, प्रदेश, पुढच्या आवृत्त्या हे सगळं मी साध्या मराठीत वेगळं लिहून घेते. ग्राहकालाही ते बरं वाटतं. शिवाय आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून नाव द्याल का, हेही विचारते. मराठीत ही पद्धत जुनी आहे आणि तिने लेखकाचा मान राहतो. काकांनी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या एका ग्राहकाने नाही म्हटलं, तेही मान्य केलं.

अकरा महिन्यांत मिळून तीन कामं झाली. घर चालण्याइतकं हे नाही. स्मरणिकांची कामं अजून ओळखीतूनच येतात. पण चौथं काम काकांच्या खात्यातल्या मित्राच्या मुलाकडून आलंय आणि तो तर पुण्यातच राहतो. फायवरचं खातं मी बंद केलं, अपवर्कचं ठेवलं आहे. आठवड्याला दोनच अर्ज करते, तेही पूर्ण वाचून. येत्या शनिवारी काकांच्या पहिल्या नेमणुकीपर्यंत पोचू, 1979 साल. त्यांनी नेमणुकीचं पत्र शोधून ठेवलंय म्हणे.