काकांच्या सीडी फ्लॅकमध्ये उतरवल्या: ग्वाल्हेरच्या घरातला काही महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगते. ज्यांच्याकडे शास्त्रीय संगीताच्या सीडी आहेत त्यांनी त्या संगणकावर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता जागा वाचवणाऱ्या खुल्या फाईल-प्रकारात, उतरवून घ्याव्यात, आणि ज्या फायली उघडायला दुसऱ्याची परवानगी लागते त्यांच्या भरवशावर राहू नये. दिवाळीनंतर मी काकांचं सीडींचं कपाट उतरवायला घेतलं. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात हा एकच संग्रह माझ्या उबंटूच्या (म्हणजे लिनक्सच्या) लॅपटॉपवर, वहिनीच्या विंडोजवर, भाचीच्या मॅकबुकवर आणि सगळ्यांच्या अँड्रॉइड फोनवर वाजतो आहे.

खरं तर काकांनी बऱ्याच सीडी पूर्वीच जुन्या संगणकावर घेतल्या होत्या. पण तेव्हाच्या प्लेअरमध्ये 'कॉपी प्रोटेक्ट'ची खूण आधीपासूनच केलेली असायची. त्यामुळे प्रत्येक फायलीला कुलूप लागलं आणि किल्ली, म्हणजे परवाना, त्या एका संगणकातच राहिली. तो संगणक बिघडला. हार्ड डिस्कवरून फायली सगळ्या निघाल्या, नावं बरोबर, आकार बरोबर, आणि वाजत मात्र एकही नाही. उबंटू सरळ नाही म्हणतं, मॅक नाही म्हणतो आणि नवं विंडोज परवाना मागतं. काकांनी पदरचे पैसे घालून घेतलेल्या सीडी, घरातच उतरवलेल्या, आणि घरातच ऐकता येत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो. सुदैवाने काकांनी सीडी टाकल्या नव्हत्या.

सीडीत मुळात कुलपाची सोयच नाही. १९८० च्या रेड बुक या ऑडिओ सीडीच्या मानकात आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं) आणि प्रत्येक नमुना १६ बिट असा उघडा नोंदवलेला असतो. कंपन्यांना नंतर कुलूप हवं झालं, तेव्हा ते बाहेरून लटकवावं लागलं. काही सीडींच्या कडेला संगणकाला चकवणारा खोटा डेटा घातला गेला. २००२ मध्ये लोकांनी त्यावर साध्या मार्कर पेनची रेघ ओढून तो निकामी केला. २००३ मध्ये प्रिन्स्टनच्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवलं की सीडी घालताना शिफ्ट दाबून धरलं तर मीडियामॅक्स या सीडीवरच्या कुलपाचा बंदोबस्त सुरूच होत नाही. २००५ मध्ये तर सोनी बीएमजीच्या काही सीडी विंडोजमध्ये गुपचूप रूटकिट (स्वतःला लपवून ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवत असल्याचं विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांनी उघडकीला आणलं. लिनक्सवर त्याच सीडी साध्या ऑडिओ सीडीसारख्या वाजत. म्हणजे जाच फक्त पैसे देऊन घेणाऱ्याला, तोही विंडोज वापरत असेल तर.

उतरवण्याच्या कामाला धीर लागतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर वापरलं. ते शंका येईल तो भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि ॲक्युरेटरिपच्या, म्हणजे इतरांनी उतरवलेल्या प्रतींच्या ऑनलाइन नोंदींशी ताडून बघतं. आपल्याकडच्या जुन्या सीडी त्या नोंदींत बऱ्याचदा सापडत नाहीत, मग मी त्याच दोनदा उतरवून दोन्ही प्रती जुळतात का ते बघते. लिनक्सवर सीडीपॅरानोया आहे. काम कुठवर आलं हे दाखवणाऱ्या त्याच्या पट्टीच्या टोकाला कीबोर्डवरच्या चिन्हांचा एक चेहरा असतो: वाचन नीट चाललं की हसरा, अडलं की आंबट. एका तराण्याच्या सीडीवर तो चेहरा बराच वेळ आंबटच होता. सीडी काढून मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली आणि मग काम झालं. गोल फिरवून पुसू नका. तसा ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेनेच जातो, आणि सलग डेटा गेला की दुरुस्ती जमत नाही.

आता फ्लॅकच का? एमपी३ ला जागा कमी लागते, आणि २०१७ मध्ये त्याची पेटंट परवान्यांची कटकटही संपली. तरी मूळ प्रत म्हणून मी ते ठेवणार नाही, आणि त्याचं कारण ख्यालातच आहे. मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक असतात, पण गाणं सलग असतं. विलंबित तिलवाड्याची शेवटची सम येते, तबलजी लय उचलतो आणि नेमका तिथेच ट्रॅक बदलतो. एमपी३ आवाज १,१५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत बांधतं, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. प्लेअरने ती ओळखून गाळली नाही तर तंबोऱ्याची आस मध्येच कापली जाते. क्षणभराचंच ते, पण सूर मनात धरून बसलेल्या माणसाला चटका बसतो. फ्लॅकमध्ये नमुने सीडीवर होते तितकेच राहतात आणि जोड कळत नाही. शिवाय प्रत्येक फायलीत मूळ आवाजाची एमडी५ खूण असते, त्यामुळे फाईल खराब झाली का हे पुढे कधीही तपासता येतं. तासाभराच्या सीडीचा कच्चा आवाज ६०० एमबीच्या आसपास भरतो. आमच्याकडे फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो.

वाजवण्याबाबत थोडक्यात. उबंटूवर रिदमबॉक्सने कधी तक्रार केली नाही. विंडोजवर वहिनी फूबार२००० वापरते, दिसायला रुक्ष पण ट्रॅकची जोड अगदी अचूक सांभाळतं. विंडोज १० पासून फ्लॅक तसंही आपोआप चालतं. मॅकच्या म्युझिक ॲपमध्ये फ्लॅक घेता येत नाही, म्हणून भाचीला त्याच फायली अलॅकमध्ये, म्हणजे ॲपलच्या तशाच फाईल-प्रकारात, करून दिल्या. दोन्हींत आवाज गमावला जात नाही, तेव्हा हवं तेव्हा परत फिरता येतं. ने-आण करायची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली, ती तिन्हींकडे वाचता-लिहिता येते. गाडीच्या स्टिरिओसाठी मात्र एमपी३ च्या वेगळ्या प्रती काढाव्या लागल्या.

सर्वांत जास्त वेळ नावांनी खाल्ला. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्ये असतात, म्हणून राग, ताल, बंदिशीचा मुखडा सगळं देवनागरीत लिहिलं आणि चारही ठिकाणी नीट दिसतं. फायलीच्या नावात मात्र अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह टाळा; लिनक्सवर चालतात, विंडोज घेत नाही. ग्वाल्हेरच्या गायकांच्या एकाच रागाच्या अनेक मैफिली असतात, तेव्हा टॅगमध्ये साल आणि साथीदार लिहाच. सीडीच्या पुस्तिकेत ते असतं, ऑनलाइन यादीत बहुधा नसतं. गाणं शिकणाऱ्याला हीच माहिती लागते.

कायद्याचं विचाराल तर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठीच्या उचित व्यवहाराला मोकळीक देतं. २०१२ मध्ये आलेलं कलम ६५ए कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तर. मी प्रती घरातच ठेवते. शिकणाऱ्या मुलींना ऐकायचं असेल तर त्या इथे येऊन ऐकतात.

स्ट्रीमिंग ॲपही वापरते, नवं काही शोधायला ते छानच आहे. पण त्यातलं 'डाउनलोड' म्हणजे पुन्हा तीच कुलूपबंद फाईल: ॲपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी थांबली की बंद. काकांच्या त्या जुन्या फायलींपेक्षा ती वेगळी नाही.

आता सगळा संग्रह दोन हार्ड डिस्कवर आहे, एक इथे आणि एक भावाकडे इंदूरला. काकांनी रेडिओवरून ध्वनिमुद्रित करून रायटेबल सीडीवर घेतलेल्या मैफिली अजून राहिल्या आहेत. त्या सीडींचा रंग उडायला लागलाय, म्हणून आता आधी त्याच हातात घेतल्या आहेत. तुमच्याकडे तशा असतील तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा, आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह आजच घेऊन ठेवा.