प्रशिक्षणवर्ग की अनुभवी सरपंचाची सोबत?

गोव्यात १९९४ च्या पंचायत राज कायद्याने एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव ठेवल्या. पण निवडून आलेल्या सरपंचाने कारभार शिकावा कुठे, हा प्रश्न उरतोच. प्रशिक्षणवर्गात कलमे, अंदाजपत्रक आणि निविदांचे नियम नीट समजतात, आणि ते आवश्यकही आहे. मात्र बांधकाम परवान्याची फाईल सचिवाने सहीसाठी पुढे सरकवली की त्यातले काय आधी पाहावे, किंवा ग्रामसभेत आवाज चढल्यावर ठराव इतिवृत्तात शब्दशः कसा नोंदवून घ्यावा, हे एखाद्या माजी महिला सरपंचाबरोबर जुन्या फायली चाळतानाच उमगते. (पतिराजांची सोबत मी यात धरत नाही.) वेळ एकाच गोष्टीपुरता असेल, तर पहिल्या वर्षी मी अनुभवी सोबतच निवडेन, वर्ग नंतरही करता येतो.